बीव्हरचं कौतुक लांबून

म्युनिककर: परवा इथे ऋतुजाबाईंची एक पोस्ट आली. चेकियात ब्रदीला सरकारचा प्रकल्प 2018 पासून परवानग्यांत अडकलेला, आठ बीव्हरांनी (झाडं कुरतडून ओढ्यावर बंधारे घालणारा, मोठ्या घुशीसारखा प्राणी) फुकटात बंधारे घालून तिथले 3 कोटी क्राऊन वाचवले. मग बायरनचे, म्हणजे आमच्या बव्हेरियाचे, शेतकरी रडतात कशाला, असा त्यांचा सवाल. बाई फ्लॅटमध्ये राहतात, पैज लावतो. ब्रदी ही लष्कराची जुनी जागा. तिथे मका कोण लावतंय? आमच्या घरमालकाच्या शेतात ओढ्याकाठी बीव्हरचं बीळ आहे. तोंड पाण्याखाली, वरून सपाट गवत. ट्रॅक्टरचं मागचं चाक आत गेलं तेव्हा पत्ता लागला. म्हातारा थोडक्यात बचावला. 1966 पासून हौसेने आणून सोडले, आता 20,000च्या वर गेलेत. करा कौतुक!

ऋतुजा: हो, फ्लॅटच आहे. पण पाण्याला चिकटून नांगरायचंच कशाला? 2019 पासून बायरनमध्ये काठाला 5 मीटर पट्टा सोडायचा कायदा आहे. बीव्हरचे बहुतेक उद्योग काठापासून वीसेक मीटरांतच चालतात. बंधाऱ्यातून पाइप घातला की पाणी उतरतं, झाडांना जाळी गुंडाळता येते. बीबरबेराटरला, म्हणजे बीव्हर-सल्लागाराला, फोन केला होता का?

म्युनिककर: केला. आले, गोड बोलले, फोटो काढले, भरपाईचा फॉर्म देऊन गेले. निधी ठरलेला, अर्ज वाढले की सगळ्यांनाच कात्री.

सदू: आणि मासे? ते तर फस्तच करत असतील.

ऋतुजा: शाकाहारी आहे हो तो! निदान एवढं तरी वाचून या.

नारळीपोफळी: भरपाई मिळते तरी तुम्हाला! आमच्याकडे दापोलीला माकडं कोवळे नारळ पोखरून खाली टाकतात. सकाळी झाडाखाली नुसता सडा. काकांनी अर्ज केला, तर पंचनाम्याला आलेले साहेब विचारतात, 'माकडाचा फोटो आहे का?'

घाटावरचा: तुम्ही सगळे मुंबईत, बागेत एकटे काका. राखण नाही तर माकडं येणारच.

नारळीपोफळी: काकांवर घसरायचं काम नाही. सत्तरीतला माणूस पहाटे उठून फटाके लावतो. तुम्ही कधी झाडाखाली उभे राहिलात?

घाटावरचा: उसात बिबट्या बसलेला असताना रात्रपाळीचं पाणी दिलंय. माकडांचं काय सांगता!

नारळीपोफळी: बिबट्या आला की टीव्हीवाले तरी येतात.

ऋतुजा: धागा बीव्हरचा आहे, आठवण करून देते.

घाटावरचा: तुम्हाला काय, जनावर कुठलंही असो, नांगर दुसऱ्याचाच.

ऋतुजा: हे मात्र लागलं. पण म्युनिककर, उन्हाळ्यात तुमच्या ओढ्याला पाणी कुणामुळे टिकलं, तेही घरमालकाला विचारा.

म्युनिककर: विचारलं. म्हणाला, 'पाणी आहे, माझ्या मक्यातच आहे.' पण तो पार काठापर्यंत पेरतो, हे खरंय. पट्ट्याचं मान्य, झालं समाधान? आता तो पाइप नेमका किती खोल घालायचा तेवढं सांगा. मागच्या वेळी टाकला तो बीव्हरांनी रातोरात चिखलाने बुजवला.