पावसात भिजला अन् जुना ट्रॅक्टर बंद पडला

दादांनो, जुन्नरकडं परवा रात्री मृगाचा जोरदार पाऊस झाला, वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर शेडबाहेरच राहिला अन् डिझेल टाकीचं झाकण सैल होतं, आता सेल्फ मारला की दोनदा धूर टाकतो अन् बंद. विकायला मन होत नाही, त्याच्यावरच शिकलोय. काय करू?

> भाऊ आधी सेल्फ मारायचं थांबवा, पाणी पंपात जाईल. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत बघा, थर वेगळा दिसेल. टाकी पूर्ण खाली करा, फिल्टर बदला, मग नट सैल करून हातपंप मारत डिझेलच्या नळीतली एअर काढा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की नट आवळा.

> घाई करू नका, रानाला वापसा (ओल कमी होऊन माती मशागतीजोगी होणं) कुठं आलाय अजून. मूठभर माती दाबून गोळा खाली टाका, फुटला तरच रान तयार. आमच्या परसात मिरचीच्या रोपांत पाणी साचलेलं, सकाळी चर काढून दिला, दोडक्याचा वेल मात्र मांडवावर काय चढलाय!

> वाटीत बोटभर पाणी निघालं दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. चालू झाला! आई ओट्यावरून बघत होती, डोळ्यात पाणी आलं तिच्या.