मदत हवी आहे: भावाला नौदलातून बोलावणं आलंय, पण त्याला पोहता येत नाही

थोरली_बहीण

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाची नौदलात अग्निवीर (एसएसआर, म्हणजे बारावीनंतरची भरती) म्हणून निवड झाली आहे. ओडिशात आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं पत्र आलंय. हातात पाच आठवडे आहेत. घरात आजवर कुणी सैन्यात गेलेलं नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हेच कळेना, म्हणून इथे लिहितेय.

पळायची काळजी नाही. निवडीच्या वेळी १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळायचं होतं, तो सहाच्या आत येतो. काळजी आहे पाण्याची. आठ वर्षांचा असताना तो विहिरीत पडला होता. चुलत्यांनी केसाला धरून वर काढला. तेव्हापासून विहिरीच्या शेवटच्या दोन पायऱ्या तो कधी उतरलेला नाही. मला वाटायचं विसरला असेल. परवा रात्री लाइट गेली होती, अंगणात बसलो होतो, तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, मला अजून पोहता येत नाही. तिथं काय करू?"

त्यात भर म्हणजे गावातल्या एकाने त्याला सल्ला दिलाय, "विचारलं तर येतं म्हणून सांग, नाहीतर पुढच्या गाडीनं परत धाडतील." हे ऐकल्यापासून पोरगं नीट जेवत नाही. खरंच असं परत पाठवतात का? खोटं बोलून निभावेल का? आणि एकूण प्रशिक्षणाचे ते चार महिने असतात तरी कसे? आईला काय सांगून ठेवू? ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

दर्या_फिरलेला

ताई, आधी एक श्वास घ्या. मी एसएसआर म्हणूनच भरती झालो, चिल्कालाच घडलो आणि पंधरा वर्षांनी पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. मलाही पोहता येत नव्हतं.

पोहता येणं ही भरतीची अट नाही. पोहणं तिथे शिकवतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून पोरं येतात, कुणी वाळवंटातलं, कुणी डोंगरातलं. पाण्यात कधी पाऊल न टाकलेली बरीच असतात. ज्यांना येत नाही त्यांना वेगळं काढून उथळ बाजूने सुरुवात करतात. हात कडेला, तोंड पाण्यात, बुडबुडे सोडायचे, इथून. तेव्हा "येतं" असं सांगून तो पोहणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला तर थेट खोल पाण्यावरच्या फळीवर पोहोचेल. खोटं बोलण्यात धोका आहे तो हा. त्याला सांगा, विचारलं की ताठ उभं राहून मोठ्या आवाजात "नॉन-स्विमर, सर" म्हण. एवढ्या दोन शब्दांत काम होतं.

माझी पहिली उडी अजून डोळ्यांसमोर आहे. फळीच्या टोकाला पायाची बोटं वाकडी करून उभा होतो. खाली काठावर इन्स्ट्रक्टर लांब बांबू घेऊन उभे. म्हणाले, "नीचे मत देख, सामने देख." उडी मारली, नाकातोंडात पाणी गेलं, वर आलो तेव्हा बांबूचं टोक हाताच्या अंतरावर होतं. धरायची गरज पडली नाही, पण ते तिथे आहे हे दिसलं म्हणूनच मी हातपाय मारले. उडी, ठरलेलं अंतर पोहणं आणि पाण्यात तरंगत राहणं, हे जमल्याशिवाय सुटका नाही हेही खरं. पण ते शिकवल्यावर.

आता बाकीचं. पहाटे पाचच्या आत उठणं, दाढी, पीटी, परेड, वर्ग, पुन्हा खेळ किंवा परेड. बंदूक चालवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, होडी वल्हवणं (आम्ही 'बोट पुलिंग' म्हणतो, पाच वल्ह्यांची व्हेलर असते, पहिल्या आठवड्यात तळहाताची साल निघते). दोरखंडाच्या गाठीही शिकवतात. बोलाइन, रीफ नॉट, क्लोव्ह हिच या तीन गाठी घरच्या दाव्यावर आत्ताच शिकून ठेवू दे. पाठीमागे हात नेऊन बांधता आली की समजायचं, आली.

आयएनएस चिल्का जमिनीवरच आहे, पण नावाआधी आयएनएस (इंडियन नेव्हल शिप) आहे म्हणजे ते जहाजच. जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बल्कहेड, स्वयंपाकघर म्हणजे गॅली, संडास म्हणजे हेड्स. गेटाबाहेर पडणं म्हणजे 'अशोअर' जाणं. दोन दिवस विचित्र वाटतं, मग तोंडात बसतं. सकाळी आठला कलर्स होतात, म्हणजे ध्वज चढतो. २ सप्टेंबर २०२२ पासून त्या ध्वजावर जे अष्टकोनी चिन्ह आहे ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलंय. मी वेगळ्या ध्वजाखाली शिकलो. तुमचा भाऊ हा ध्वज रोज चढताना पाहील, याचा मला खरंच हेवा वाटतो.

ओरडा बसेल, रगडा लागेल. एकाची चूक आणि सगळ्या डिव्हिजनला, म्हणजे तुकडीला शिक्षा, असं होईल. मनाला लावून घ्यायचं नाही. मला पीटीपेक्षा जड गेलं ते कपड्यांचं. पांढरा युनिफॉर्म स्वतः धुवायचा, इस्त्री करायची, बटण तुटलं तर शिवायचं, बूट चमकवायचे आणि हे सगळं झोपेतून वेळ काढून. घरी आई धुते ना त्याचे कपडे? आजपासून बंद करा.

थोरली_बहीण

दादा, तुमचं उत्तर त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. "नॉन-स्विमर, सर" हे तो दोनदा पुटपुटला. आजचे कपडे त्याने स्वतः धुतले. आईला आवडलेलं नाही.

एक राहिलं. गेला महिनाभर तो डांबरी रस्त्यावर रोज दहा-बारा किलोमीटर पळतोय आणि डाव्या नडगीवर तेल चोळताना मी त्याला पाहिलंय. विचारलं तर "काही नाही" म्हणतो.

दर्या_फिरलेला

ताई, हे मला पोहण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

नडगीवरून बोट फिरवून बघा. लांबलचक भागात ठणका असेल तर बहुधा अतिपळण्याचा ताण आहे, आराम दिला की उतरतो. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दाबलं की कळ येत असेल, पळताना वाढत असेल, बसल्यावरही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही कधीकधी, म्हणून हाडांच्या डॉक्टरांना रोज किती पळतो तेही सांगा. डांबर आजपासून बंद. मातीवर, आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच.

माझ्या डिव्हिजनमध्ये एक पोरगा होता, परेडला सगळ्यांत चांगला. असंच दुखणं त्याने लपवलं. सिक बेमध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात गेलो तर 'कामचोर' म्हणतील ही भीती. पट्टी बांधून दहा-बारा दिवस पळाला. एका सकाळी परेड ग्राउंडवरच बसला, उठताच येईना. तो रेलिगेट झाला, म्हणजे मागच्या बॅचमध्ये ढकलला गेला. पासिंग आउटला, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या परेडला आम्ही पांढऱ्या गणवेशात निघालो आणि तो कुबडी घेऊन बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. पहिल्या दिवशी बोलला असता तर आमच्यासोबत चालला असता. मला त्याचं दुखणं माहीत होतं. त्याने गप्प राहायला सांगितलं म्हणून मी गप्प राहिलो, त्याचं आजही वाईट वाटतं.

तसंच कातडीचं. तिथली हवा दमट, घाम वाळत नाही. बोटांच्या बेचक्यात आणि जांघेत नायटा होतो आणि पोरं लाजून सांगत नाहीत, मग चालता येत नाही. पाय कोरडे ठेवणं, मोजे रोज बदलणं, आणि खाज सुटली की त्याच दिवशी सिक बे.

अजून एक. तिथे पोहोचल्यावर पुन्हा वैद्यकीय तपासणी होते आणि त्यात अनफिट ठरलेली पोरं खरोखर परत येतात. कानातला मळ आणि दातावरचं कीटण आधीच काढून घ्या. साधी गोष्ट आहे, लोक सोडून देतात.

लेकीची_आई

माझी मुलगी अग्निवीर आहे. २०२२ पासून मुलींनाही नौसैनिक म्हणून घ्यायला लागले. पहिल्या बॅचची परेड २८ मार्च २०२३ ला सूर्यास्तानंतर झाली होती, अडीच हजारांवर मुलं-मुली होती, त्यात पावणेतीनशेच्या आसपास मुली. ते पाहूनच हिने ठरवलं.

बहिणाबाई, तुम्ही आईला काय सांगू विचारलंत म्हणून लिहिते. मोबाइल दिवसभर हातात नसतो. ठरलेल्या वेळी थोडा वेळ बोलणं होतं. फोन आला नाही की वाईटच काही झालं असेल असं धरू नका, बहुतेक वेळा झोपलेली असतात. आमच्याकडे ती तिथे असताना सासरे आजारी पडले. तिला त्रास नको म्हणून आम्ही सगळ्यांनी लपवलं. एका रविवारी तिने "आजोबांना द्या" म्हटलं आणि पलीकडून धाकट्याच्या तोंडून निघून गेलं की ते दवाखान्यात आहेत. ती रडली आजोबांसाठी नाही, आम्ही खोटं बोललो म्हणून. पुढचे तीन आठवडे प्रत्येक फोनला विचारायची, "खरं सांगताय ना?" तेव्हा घरचं खरं तेच सांगा, थोडक्यात सांगा. काही तातडीचं असेल तर त्यांचे डिव्हिजनल ऑफिसर असतात, त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवता येतो. मुलाकडून पहिल्याच फोनमध्ये नाव-नंबर लिहून घ्या.

पैशांचं विचारलं नाहीत, तरी सांगते. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले ९,००० सेवानिधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या फंडात) जातात, २१,००० हातात. घरी कुणी त्या भरवशावर हप्ते बांधू नयेत. चार वर्षांनी अग्निवीरांतल्या २५ टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढे कायम घेतात.

थोरली_बहीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय.

डॉक्टरांकडे गेलो. तडा नाही, ताण आहे. दोन आठवडे पळणं बंद, मग मातीवर. आधी चिडला, नंतर माझ्यासमोरच म्हणाला की तीन आठवड्यांपासून दुखत होतं.

विहिरीचंही सांगते. ज्या चुलत्यांनी तेव्हा काढलं होतं, त्यांनाच सांगितलं. त्यांनी पाठीला प्लास्टिकचा कॅन बांधून दिला आणि स्वतः आधी पाण्यात उतरले. पहिल्या दिवशी तो शेवटच्या पायरीवर पाय सोडून तासभर बसला, एवढंच. दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी नुसता हात पुढे केला. आज पाचवा दिवस. कॅन अजून सुटलेला नाही, पण विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. तिथे विचारलं तर नॉन-स्विमरच सांगणार, असं ठरलंय.

आईला कळलंय की रोज फोन येणार नाही. शुक्रवारी दात आणि कान. गोठ्यातल्या दाव्याला बोलाइन मारलेली आहे, बाबांना ती सोडताच येत नव्हती.