सोयाबीन पिवळं पडलंय, तिघांचे तीन सल्ले. कुणाचं धरायचं?

काळीमाती: लातूर भाग, भारी जमीन, सोयाबीन २५ दिवसांचं. झड उघडल्यावर पट्ट्यापट्ट्यानं पिवळं पडलंय. दुकानदार म्हणतो व्हायरस आहे, कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच पंपात मारा. शेजारचे काका म्हणतात युरिया फेका. ग्रुपवर फोटो टाकला तर एकानं लोहाची कमतरता सांगितली. कुणाचं ऐकू, आणि कशावरून?

बांधावरून: दादा, आधी रानात जाऊन पिवळी पानं कुठली ते बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी. मोझॅक, म्हणजे दुकानदार म्हणतो तो व्हायरस, असेल तर मधूनमधून एखाददुसरं झाड, पानावर हिरवे-पिवळे चट्टे, आणि पान उलटलं की बहुधा पांढरी माशी सापडते.

मग दोन-चार झाडं मातीसकट हलक्या हातानं उपटा आणि मुळावरच्या गाठी नखानं फोडा. आतून गुलाबी म्हणजे नत्र तयार होतंय, युरिया नको. फोटोत शिरांचा रंग दिसेल, पण गाठी दिसत नाहीत. म्हणून फोटोवरचा सल्ला बरोबर निघाला तरी तो अंदाजच.

रानवाटा: सल्ला देणाऱ्यानं काय विचारलं ते आठवा. पेरणी कधीची, बीजप्रक्रिया केली का, तणनाशक कधी मारलं? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. इमॅझेथापायर या तणनाशकानंतरही शेंडा काही दिवस पिवळा पडतो आणि पीक आपोआप सावरतं. यातलं काहीच न विचारता ज्यानं बाटल्या काढल्या, त्याचा सल्ला तिथंच बाजूला ठेवा.

शिवाय दुकानदाराच्या बोलण्यातच मेळ नाही. रोग झालेल्या झाडातला विषाणू कुठल्याही औषधानं मरत नाही. झाड उपटायचं आणि पांढरी माशी आवरायची, एवढंच हातात असतं. मग बुरशीनाशक कशाला? त्याला औषधाचं नाव, प्रमाण आणि कारण कागदावर लिहून मागा, बॅच नंबरसह पक्कं बिल घ्या. लेबलवर सोयाबीन आणि तीच कीड छापलेली आहे का, तेही वाचा. कीटकनाशकांची मनमानी मिश्रणं जिवावर बेततात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरू नका.

काळीमाती: बघून आलो. शेंडा पिवळा, शिरा हिरव्या, गाठी गुलाबी. चट्टे नाहीत, माशी नाही. तणनाशक मारलेलं नाही. आता फवारू का थांबू?

बांधावरून: मग लोहच. पहिलं काम साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढणं, वापसा आला, म्हणजे जमीन कामाजोगी सुकली, की कोळपणी. बऱ्याचदा एवढ्यानंच शेंडा हिरवा होतो. फवारायचंच असेल तर १० लिटर पाण्यात सूक्ष्म अन्नद्रव्य ग्रेड-२ ५० मिली आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत १०० ग्रॅम. यात कीटकनाशक मिसळू नका.

पण पिवळ्या पट्ट्यातलीच सहा तासं (पिकाच्या ओळी) फवारणीविना सोडा आणि दोन्ही टोकांना काठी रोवा. आठवड्यानं नवी पानं दोन्हीकडची शेजारी धरून बघा. सारखीच हिरवी असतील तर काम वापशानं केलं, पुढच्या वेळी खर्च वाचला. फवारलेली ठळक हिरवी असतील तर सल्ला तुमच्या रानापुरता खरा ठरला. अख्खं रान फवारलं तर यातलं काहीच कळत नाही, आणि श्रेय मात्र बाटलीला जातं.

रानवाटा: पीक निघाल्यावर माती परीक्षणात सामू (पीएच) आणि मुक्त चुना दोन्ही मागा. चुना जास्त निघाला तर पुढच्या हंगामात रुंद वरंबा सरीवर पेरा, म्हणजे पाणी साचणार नाही. आठवड्यानं फरक नाही दिसला तर पिवळं आणि हिरवं अशी दोन्ही झाडं मुळासकट घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.