मारुती ८०० (१९९६, कार्ब्युरेटर) : पहाटे चालू होत नाही, दिवसभर काही त्रास नाही

निफाडची८००
नमस्कार मंडळी. गाडी वडिलांनी घेतलेली, आजही रोज वापरात आहे. आम्ही निफाडजवळ मळ्यात राहतो, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते. आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीतच आहे. वडिलांना सकाळी सहाला पिंपळगावच्या बाजार समितीत पोचायचं असतं आणि नेमकी तेव्हाच गाडी रुसते. चोक पूर्ण ओढून सेल्फ मारला तरी इंजिन नुसतं फिरत राहतं. ॲक्सिलरेटर दाबत-सोडत राहिलं की बऱ्याच वेळाने एकदाची पकडते, धडधडते, परत बंद पडते. एकदा तापली की दिवसभर चावी फिरवायचा अवकाश, लगेच चालू.

बॅटरी दिवाळीत नवी टाकली, सेल्फ जोरात फिरतो. प्लगही नवे आहेत. मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ केला आणि स्क्रू फिरवून ‘सेटिंग’ केलं. तेव्हापासून पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज १८ वरून १४ वर आलं. सकाळचा त्रास मात्र तसाच. आता तो म्हणतो कार्ब्युरेटरच बदला. बदलू का?

उद्यमनगर_गॅरेज
दादा, इतक्यात नका बदलू. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. या गाड्या मी १९८०च्या दशकापासून उघडतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गाडी दुपारी गॅरेजला नेऊन हा दोष सापडणार नाही. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं आणि मेकॅनिकला धडधाकट गाडी दिसते. मग तो हाताला लागेल तो स्क्रू फिरवतो. तपासणी मळ्यातच करा, पहाटे, रात्रभर उभ्या गाडीवर, सेल्फ मारायच्या आधी.

थंडीत नेमकं काय होतं ते सांगतो. पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ झाली तर जळतं. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतची वाट, गार असला की थंड भिंतीला दव धरावं तसं पेट्रोल आतल्या अंगाला चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत फारच थोडी वाफ पोचते. तापलेल्या इंजिनाला एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा चालते, वजनाने. गार इंजिनाला याच्या कितीतरी पट जास्त पेट्रोल लागतं, आणि ते देण्याचं काम चोकचं. चोकची झडप हवेची वाट बंद करते, म्हणून खालची ओढ वाढून जेटमधून जास्त पेट्रोल येतं. झडप पूर्ण मिटली नाही तर कार्ब्युरेटर कितीही साफ करा, उपयोग नाही.

आता तपासणी. एअर फिल्टरचं झाकण काढा, फिल्टर उचला म्हणजे कार्ब्युरेटरचं तोंड दिसेल. टॉर्च घ्या, काडी किंवा लायटर जवळही आणू नका. घरातल्या कुणाला तरी आत बसवून चोक ओढायला सांगा. झडप पूर्ण आडवी होऊन तोंड बंद झालं पाहिजे. बोटाने हलकेच दाबून बघा, अजून खाली जाते का. जात असेल तर केबल कमी ओढतेय.

मग चोक आत ढकला, झडप उभी होईल. इंजिन बंदच ठेवून थ्रॉटलचा लिव्हर (ॲक्सिलरेटरने फिरतो तो) हाताने झटकन फिरवा आणि आत बघा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे, बोटभर लांब, सलग. ही ॲक्सिलरेटर पंपाची धार. धार आली म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत आहे. कोरडं असेल तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवायची वाटी, रात्रीत रिकामं झालंय. चेंबरला छोटी काच असते, तिच्यावर गोल खूण. पेट्रोल त्या गोलात दिसायला हवं.

चेंबर रिकामं निघालं तर टाकीपासून एसी पंपापर्यंतच्या (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) रबरी नळ्या आधी बघा. या बाजूची नळी चिरली तर थेंब गळत नाही, फक्त हवा ओढली जाते आणि रात्रीत पेट्रोल मागे टाकीत उतरतं. जमिनीवर डाग नसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. नळी टोकाला वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील. क्लिपही बदला.

पेट्रोल व्यवस्थित असेल तरच स्पार्ककडे वळा. बराच सेल्फ मारल्यावर प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर एकतर स्पार्क मार खातोय किंवा इंजिनात पेट्रोल साचलंय. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. तुमच्या गाडीत पॉइंट (स्पार्कसाठी कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) असतील तर तोही गॅप फिलर गेजने मोजा, ०.४ ते ०.५ मिमी. सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज पडतो, कॉइलला कमी मिळतं, आणि जळके पॉइंट दिवसा निभावतात ते सकाळी हात टेकतात.

तुमच्या लक्षणांवरून माझा संशय चोकवरच आहे. ॲक्सिलरेटर पंप केल्यावर गाडी पकडते, म्हणजे तिला पेट्रोल कमी पडतंय आणि तुम्ही ते पायाने देताय. मेकॅनिकने मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू सैल करून तीच कमतरता भरायचा प्रयत्न केला असणार. त्याने सकाळी फरक पडला नाही, पण दिवसभर जास्त पेट्रोल जायला लागलं. वास आणि ॲव्हरेज दोन्ही त्याचेच.

देवगड_हापूस
काकांनी सगळं सांगितलंय, एक भर घालतो. आमच्याकडे किनाऱ्यावर थंडी नाही, पण दमट हवेने सकाळी हीच तऱ्हा व्हायची. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटतो तो) कॅप काढून आतून कोरड्या कापडाने पुसली की चालू. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर पुसत बसू नका, नवी घ्या. करंट त्या रेघेवरून पळतो.

पुणे_जुन्यागाड्या
यात इथेनॉलच्या पेट्रोलचा हात आहे का? माझ्या प्रीमियर पद्मिनीला गेल्या हिवाळ्यापासून जास्त चोक लागतो.

उद्यमनगर_गॅरेज
आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी पुरते. ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, ते १४.७चं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरचे जेट जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेले, त्यांना काही कळत नाही. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणजे गार इंजिनाची पंचाईत दुप्पट. ई२०ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. त्यामुळे इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मागून घ्या, जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल जुनं होऊ देऊ नका, त्यात पाणी धरतं.

निफाडची८००
काका, आज पहाटे टॉर्च धरून बघितलं. धार छान उडाली, काचेत पेट्रोल गोलाच्या मधोमध आहे. पण बहिणीने चोक पूर्ण ओढला तरी झडप तिरकी राहते, करंगळी जाईल एवढी फट. बोटाने दाबली तर मिटते. बोटाने धरून सेल्फ मारायला लावू का?

उद्यमनगर_गॅरेज
नको, फिरत्या इंजिनाजवळ बोट घालू नका. बॅकफायर झाला तर भडका तोंडावर येतो. दोष सापडलाच आहे.

कार्ब्युरेटरजवळ केबलचं बाहेरचं आवरण एका क्लॅम्पने धरलेलं असतं, ते सरकलंय. आत चोकचं बटण पूर्ण आत ढकला, झडप उभी आहे याची खात्री करा, मग क्लॅम्प सैल करून आवरण ओढून तारेतली ढिलाई काढा, अगदी नावापुरती ठेवा आणि क्लॅम्प आवळा. बटण ओढून झडप पूर्ण मिटते का, ढकलून पूर्ण उघडते का, दोन्ही बघा. झडपेच्या दांड्याला कार्ब क्लीनर मारा, ग्रीस लावू नका, धूळ धरून तो जाम होतो. केबलच आत अडकत असेल तर नवी टाका, ती कार्ब्युरेटरच्या मानाने अगदी स्वस्त.

त्यानंतर मिक्स्चर. गाडी नीट तापवा, चोक आत, एसी असेल तर बंद. स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळायला लागेल तिथून थोडा परत बाहेर, जिथे सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथे सोडा. स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) जास्त झाला तर थ्रॉटलच्या स्क्रूने खाली आणा. मग पीयूसीवाल्याकडे सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) बघून घ्या, तिथे खरं काय ते कळतं.

वडिलांना एवढं सांगा : चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडायचा, पाय काढायचा, मग सेल्फ. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. चालू झाली की चोक अर्धा आत आणि इंजिन स्थिरावलं की पूर्ण आत. चोकवर गाडी दामटली की जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या अंगावरचं ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि रिंगा झिजतात.

आणि एक विचारायचं राहिलं. थंडीत तापमानाचा काटा वर चढतो का?

निफाडची८००
पिंपळगावला पोचेपर्यंत काटा जेमतेम हलतो. आम्हाला वाटायचं इंजिन गार राहतंय ते चांगलंच.

उद्यमनगर_गॅरेज
मग थर्मोस्टॅट कुणीतरी काढून टाकलाय, उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून सर्रास काढतात. तो साधारण ८२ अंशांना उघडतो, तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो नसेल तर कार्ब्युरेटरखालचा मॅनिफोल्डही गारच राहतो आणि चोक आत ढकलला की गाडी अडखळते. हाउसिंग उघडून बघा. रिकामं असेल तर गॅस्केटसकट नवा बसवा. कूलंट भरताना इंजिन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. झाकण गार इंजिनावरच उघडायचं.