लो-कार्ब आणि कॉफीतलं क्रीम : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीनंतरच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी) 6.3 आलं आणि मी लो-कार्ब, म्हणजे कार्ब्स (कर्बोदकं) कमी असलेला आहार, सुरू केला; भात, पोळी, साखर आवरायला घेतली. भात सुटला, पोळीही सुटली, पण जायफळ घातलेली दाट दुधाची कॉफी काही सुटेना. साखर काढली तरी 200 मिली दुधात जवळजवळ 10 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, असतं. दोन कपांचे झाले 20. कडक लो-कार्ब पाळणाऱ्याचा काही वेळा दिवसभराचा कोटाच तेवढा असतो.

मग दूध बंद करून पाण्यातली कॉफी आणि दोन मोठे चमचे क्रीम सुरू केलं. अमूल फ्रेश क्रीममध्ये 25 टक्के फॅट असतं, आणि 30 मिलीमागे कार्ब्स ग्रॅमभराच्या आसपास. लॅक्टोज हे दुधाच्या पाण्यात असतं, म्हणून क्रीम जितकं दाट तितके कार्ब्स कमी. एवढं कळलं आणि दुकानातला माझा अर्धा गोंधळ संपला.

मी आधी कपात क्रीम घेते, त्यावर चिमूटभर जायफळ किसते, चमचाभर गरम कॉफी घालून फेटते आणि मग बाकीची ओतते. फ्रिजमधलं क्रीम थेट वरून ओतलं तर तवंग येतो. जायफळामुळे गोडाची आठवण बरीच कमी होते. तुम्ही काय वापरता, काय फसलं, सगळं लिहा.

ठाणे
आमच्याकडे म्हशीचं दूध येतं, तेव्हा विकतचं क्रीम कशाला, म्हणून सायच घातली. पहिल्या दिवशी छान लागली. चौथ्या दिवशी कॉफी फाटली, वर पांढरे कण आणि खाली गढूळ पाणी. मला वाटलं कॉफीच खराब आहे. सासूबाईंनी डबा हुंगला आणि म्हणाल्या, "अगं, ही तुपासाठी साठवलेली साय. आंबट व्हायला लागलीये." तेव्हापासून फक्त आदल्या रात्रीच्या दुधाची साय घेते आणि गाळणीतून चमच्याने दाबून काढते, नाहीतर तिचे पापुद्रे ओठांना लागतात. एक सांगते, सायीबरोबर थोडं दूधही येतं, त्यामुळे कार्ब्सचा नेमका हिशोब लागत नाही. मी तो अंदाजानेच धरते.

नाशिक
माझी चूक कोणी करू नका. केकचं सामान मिळतं त्या दुकानातून 'व्हिपिंग क्रीम' आणलं आणि तीन आठवडे रोज कॉफीत घातलं. कॉफी गोड लागायची, मी खूश! मुलीने खोका उलटा करून वाचला : पाणी, वनस्पती तेल, साखर. ते दुधाचं क्रीम नव्हतंच, नॉन-डेअरी टॉपिंग होतं. दुकानदाराने डीप फ्रीझरमधून काढून दिलं तेव्हाच शंका यायला हवी होती. डेअरी व्हाइटनरच्या (चहा-कॉफीत घालायच्या दूध पावडरीच्या) पुडीचंही तेच, बहुतेकांत साखर असते. आता पुढचं मोठं नाव न वाचता आधी मागचे घटक वाचतो.

न्यू जर्सी
इथे उलटा प्रश्न, प्रकार इतके की गोंधळ होतो. हेवी क्रीममध्ये किमान 36 टक्के फॅट, हाफ अँड हाफमध्ये (दूध आणि क्रीमचं मिश्रण) 10.5 ते 18. फॅट-फ्री हाफ अँड हाफ मात्र टाळा, त्यात बहुधा कॉर्न सिरप असतं. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स असतील तर इथे लेबलवर शून्य लिहिता येतं, आणि क्रीमचं सर्व्हिंग म्हणजे 15 मिली. मी दिवसाला सात-आठ चमचे 'शून्य' समजून घालत होतो. त्याचे तीन ग्रॅम तरी होतात.

मालवण
दूध पचत नाही, म्हणून नारळाचा पहिला दाट रस. गॅस बंद करून मगच घालायचा, उकळला की फुटतो. फिल्टर कॉफीच्या कडवटपणाला तो फार छान जातो. सोलकढीसाठी नारळ वाटला की त्यातलाच अर्धी वाटी बाजूला काढते.

सोलापूर
क्रीमचा खोका उघडला की तीन-चार दिवसांत संपवावा लागतो आणि मी एकटी राहते. म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. वितळताना फुटल्यासारखं दिसतं, पण गरम कॉफीत घालून फेटलं की मिळून येतं.

कोल्हापूर
दोन गोष्टी मनापासून सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मी एका आठवड्यात कार्ब्स एकदम तोडले आणि दुपारी चारला हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम आला. शुगर 61. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला, आणि हे आधी विचारायला हवं होतं म्हणून रागावलेही. दुसरं म्हणजे दिवसाला चार कप, प्रत्येकात भरपूर क्रीम, असं सहा महिने केल्यावर माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 118 वरून 160 वर गेलं. आता दोनच कप, मोजून एकेक चमचा, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

ठाणे, पुन्हा
ताई, जायफळाची युक्ती केली, फार आवडली. आता आमच्या फ्रिजमध्ये सायीचे दोन डबे आहेत. मोठा तुपाचा, त्यावर सासूबाईंची नजर. छोटा कॉफीचा, आणि गंमत म्हणजे काल त्यांनीच तो माझ्याआधी रिकामा केला होता.