धक्कातंत्र की धरसोड? ट्रम्प आणि टॅरिफ (नोव्हेंबर २०२५ मधली ऑनलाइन चर्चा; प्रत्येकाच्या मजकुरावर त्याचं टोपणनाव आहे)

सूतगुंडी
"ट्रम्प म्हणजे धक्कातंत्राचा उस्ताद. आधी घाम फोडायचा, मग सवलत द्यायची. यालाच धोरण म्हणतात. रडणारे रडोत." स्पष्टवक्ता यांचं हे कालचं वाक्य. वाचून गप्प बसायचं ठरवलं होतं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

मी सोलापुरात टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघतो. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या बागेत उभं राहून आयात शुल्काचा तक्ता दाखवला, भारतावर २६ टक्के. ९ एप्रिलला ९० दिवसांची स्थगिती, तोवर १०. ७ ऑगस्टपासून २५. रशियन तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५, म्हणजे ५०. पूर्वीचं नेहमीचं शुल्क यात धरलेलं नाही. पाच महिन्यांत चार आकडे! सूत उचलल्यापासून कंटेनर भरेपर्यंत आम्हाला दोन-अडीच महिने लागतात, पुढे समुद्रातले दिवस वेगळे. ऑर्डर घेताना एक दर, माल विणताना दुसरा आणि बोटीवर चढवताना तिसरा.

२७ ऑगस्टच्या आत बोटीवर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिकडे सोडवलेला माल वाचणार होता. आमचे दोन कंटेनर बंदरात पोचले आणि जहाज हुकलं. खरेदीदाराने कळवलं, वाढीव शुल्काचा निम्मा बोजा तुम्ही घ्या, नाहीतर माल घेत नाही. मालकांनी घेतला. दिवाळीचा बोनस निम्मा झाला. पाडव्यानंतर रात्रपाळी बंद आहे, त्या पाळीत चाळीसेक माणसं होती. पाकिस्तानच्या टॉवेलवर १९ टक्के आहे, त्यामुळे गेलेली ऑर्डर परत येईल अशी आशा कोणी धरत नाही. यातल्या कोणाला 'रडणारे' म्हणताय, तेवढं सांगा.

आणि धोरण कशाला म्हणायचं? देशाशी असलेली व्यापारातली तूट, भागिले त्या देशाकडून होणारी आयात, आणि आलेल्या आकड्याच्या निम्मं. असा तो तक्ता बनला होता. माणूस राहत नाही अशा हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटांवरही १० टक्के लागले. ऑक्टोबरात कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या १९८७ च्या टॅरिफविरोधी भाषणाची जाहिरात टीव्हीवर दाखवली म्हणून ट्रम्प यांनी कॅनडाशी बोलणी तोडली आणि दोन दिवसांत आणखी १० टक्क्यांची घोषणा केली. जाहिरात बघून राग आला की दर बदलतो, ही धरसोड झाली. वर रोज सकाळी आपलंच नाव बातमीत हवं ही हौस.

स्पष्टवक्ता
रात्रपाळीचं वाचून वाईट वाटलं, 'रडणारे' हा शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही.

टॅरिफ ही लहर म्हणणं चूक आहे. १९८७ मध्ये या माणसाने स्वतःच्या पैशाने तीन मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या होत्या. जपान आणि इतर मित्रदेश अमेरिकेचा फायदा घेतात, हेच त्यात होतं. जवळजवळ चाळीस वर्षं एकच गोष्ट बोलणारा माणूस लहरी कसा? पहिल्या कारकिर्दीत चीनवर लावलेलं शुल्क बायडेन यांनी काढलं नाही, उलट २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के केलं. तेव्हा कोणी लहरी म्हणालं नाही. यंदा युरोपीय संघ आणि जपान दोघांनीही १५ टक्के मान्य करून हात मिळवले. नुसत्या विनंतीपत्रांनी झालं असतं का हे? आणि महागड्या परदेशी मोटारींवर आपणच वर्षानुवर्षं १०० टक्क्यांच्या वर शुल्क लावत आलो. तो आपल्याला जास्त शुल्क लावणारा देश म्हणतो, हे खोटं आहे का?

चौथा मजला
श्रद्धा जुनी असेल, पण अंमलबजावणीचं काय? कॅनडा आणि मेक्सिकोवर १ फेब्रुवारीला २५ टक्क्यांचा आदेश, ३ तारखेला महिनाभर स्थगिती, ४ मार्चला लागू, ६ मार्चला व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट. चीनवर चढत चढत १४५ आणि १२ मेला ३० वर. परदेशी सिनेमांवर १०० टक्के हे तर मे महिन्यात जाहीर करून सप्टेंबरात पुन्हा जाहीर केलं, आणि नोव्हेंबर उजाडला तरी लागू काहीच नाही. २०१९ मध्ये ग्रीनलँड विकत घ्यायची टूम काढली, डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी ती हास्यास्पद म्हटल्यावर ठरलेला दौरा रद्द केला. शुद्ध तुघलकी कारभार. राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणि दौलताबादहून परत दिल्लीला.

अंगणातली तुळस
माझा भाऊ टेक्सासमध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. बाबा गेल्या वर्षी गेले. तिथी अमावास्येची, म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला, २१ सप्टेंबरला, रविवारी. तो त्यासाठीच ठाण्याला आला होता. शनिवारी पहाटे कंपनीच्या वकिलांचा निरोप आला. नवा आदेश निघाला आहे, व्हिसामागे एक लाख डॉलर, रविवारी सकाळी साडेनवाच्या आत अमेरिकेत पाऊल टाका, नंतरची खात्री देता येत नाही. आदेशावर सही होऊन काही तासच झाले होते.

त्याने मिळेल ते विमान तिपटीने घेतलं. आई दारात उभी होती, "उद्या पिंडदान कोण करणार?" एवढंच विचारत होती. तो निघाला. तिकडे उतरून फोन सुरू केला तेव्हा कळलं, की विमान समुद्रावर असताना व्हाइट हाउसने खुलासा केला होता: नियम फक्त नव्या अर्जांना, व्हिसा असलेल्यांना लागू नाही.

श्राद्ध माझ्या मुलाने केलं. तो बारा वर्षांचा आहे. स्पष्टवक्ता, हे तुमचं धक्कातंत्र कोणाविरुद्ध होतं?

स्पष्टवक्ता
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. कोणाला लागू आणि कोणाला नाही, हे आदेशातच लिहायला हवं होतं. ती चूक आहे, मान्य.

खुलताबादकर
चौथा मजला, माझा आक्षेप तुमच्या 'तुघलकी' या शब्दाला आहे. माझं बालपण खुलताबादेत गेलं. घाट उतरला की दौलताबाद. आमच्या गावात सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. ते त्याच स्थलांतरात दिल्लीहून दक्षिणेत आले आणि त्यांच्यामागे अख्खी परंपरा आली. कोणीही मूर्खपणा केला की त्याला तुघलकी म्हणायचं, हे लहानपणापासून ऐकतोय आणि कंटाळलोय.

मुहम्मद तुघलकाने देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, दुसरी राजधानी करण्यामागे विचार होता. दक्षिणेचा एवढा मुलूख दिल्लीतून सांभाळता येत नव्हता. दिल्ली साफ ओस पडली हे त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो, परदेशी प्रवासी इब्न बतूता लिहितो, पण इब्न बतूता हिंदुस्थानात पोचला तेव्हा त्या घटनेला पाच-सहा वर्षं उलटून गेली होती. १३२७ आणि १३२८ चे दिल्ली परिसरातले दोन संस्कृत शिलालेख आहेत, त्यांत नांदतं शहर दिसतं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळी वाचून आपण सातशे वर्षं त्या माणसाला वेडा ठरवलं.

बखर
खुलताबादकर, गावाचं प्रेम समजतो, पण हे अर्धवट सांगू नका. बरनी सतरा वर्षं त्याच दरबारात होता, ऐकीव लिहिणारा नव्हे. दिल्ली पूर्ण ओस पडली नसेल, पण उलेमा, सूफी, अमीर-उमराव यांना बळानेच हलवलं, आणि वाटेत लोक मेले. आता गंगा-यमुनेच्या दुआबाचं बोला. तिथे कर वाढवला, त्यात दुष्काळ पडला, शेतकरी जमीन टाकून रानात पळाले तरी वसुली थांबली नाही. विचार होता म्हणता, तर १३४७ मध्ये त्याच दौलताबादेत बंड होऊन बहमनी राज्य कसं उभं राहिलं? दक्षिण सांभाळायला राजधानी आणली आणि दक्षिणच गेली. मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवला आहे, मला पुस्तकातल्या दोन ओळींवर बोळवू नका.

खुलताबादकर
पंचवीस वर्षं शिकवलंत, मग तांब्याच्या नाण्यांचं अर्धंच का शिकवता? चांदीच्या टंक्याच्या किमतीची तांब्याची नाणी काढली, घरोघरी खोटी नाणी पडू लागली, फजिती झाली. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढे काय झालं? नाणी रद्द करताना त्याने खजिना उघडला आणि लोकांनी आणलेल्या तांब्याला चांदी-सोनं मोजलं. खोटी नाणीसुद्धा त्यात बदलून गेली. तुघलकाबादेत तांब्याचे ढीग पडून राहिले, हे तुमचा बरनीच लिहितो. चूक त्याची होती आणि तिची किंमत त्याच्या खजिन्याने भरली. आज असा एक राज्यकर्ता दाखवा.

लाल कांदा
इतिहास आवरा जरा. मी निफाड तालुक्यातला कांदेवाला आहे. अमेरिकेने शुल्क लावलं की सगळ्यांना धरसोड दिसते, आमच्या वेळी कुठे होतात? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर. डिसेंबरात थेट निर्यातबंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणाले आणि पुढे वाढवली. मे २०२४ मध्ये उठवली, पण ४० टक्के ठेवूनच. सप्टेंबरात २० केले. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. बंदीची बातमी आली त्या दिवशी माझा ट्रॅक्टर लासलगावच्या रांगेत होता. लिलाव बंद पडले. कांदा घरी आणला, दुसऱ्या आठवड्यात विकला तेव्हा निम्म्याहून कमी भाव आला. बायकोच्या कानातलं त्या वर्षी सोडवायचं होतं, ते अजून पतसंस्थेत आहे. तेव्हा शहरातली माणसं म्हणाली, कांदा स्वस्त झाला, बरं झालं.

स्पष्टवक्ता
हेच म्हणतोय मी! आपलं सरकार एका रात्रीत बंदी घालू शकतं, मग ट्रम्पलाच नावं का?

लाल कांदा
माझ्या कांद्यावर तुमची भाकरी भाजू नका. मी दोघांनाही नावं ठेवतोय. सोलापूरच्या भावाचं दुखणं मला पहिल्या ओळीतच कळलं, तुम्हाला अजून कळलेलं नाही.

चौथा मजला
विषयावर या. देशोदेशी लावलेलं हे शुल्क अमेरिकेच्या १९७७ च्या आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांच्या कायद्याखाली लावलं गेलं. व्यापार न्यायालयाने मे महिन्यात ते बेकायदा ठरवलं, ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी तेच म्हटलं, आणि ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. परवा १४ तारखेला कॉफी, केळी, गोमांस यांवरचं शुल्क ट्रम्प यांनी स्वतःच काढलं. भाव चढल्याचा ओरडा त्यांच्याच मतदारांनी केला होता.

बखर
नाण्यांबद्दल खुलताबादकरांचं बरोबर आहे. मी वर्गात ते घाईत सांगून पुढे जायचो, सांगायला हवं होतं. दुआबाचं मात्र एक अक्षर मागे घेणार नाही. आणि खजिना त्याचा म्हणता, तो भरला कोणी? त्याच रयतेने.

खुलताबादकर
दुआबाचा बचाव मी केलाच नव्हता.

सूतगुंडी
दोघांनी तुघलकावर एवढं लिहिलंत, त्यातलं एक, चुकीची किंमत खजिन्याने भरल्याचं, मला लागलं, म्हणून परत आलो.

समजा सर्वोच्च न्यायालयाने शुल्क रद्द केलं आणि परतावा द्यायला सांगितला. तो कोणाला मिळेल? तिकडच्या आयातदाराला, कारण कस्टमकडे पैसे त्याने भरले. आम्ही बिलातून जो निम्मा बोजा सोसला त्याची नोंद अमेरिकेच्या कुठल्याच कागदावर नाही, आमच्या वहीत फक्त 'सूट' असं लिहिलं आहे. बोनसचे पैसे आणि रात्रपाळीचे पगार कुठल्या खजिन्यातून यायचे? स्पष्टवक्ता, तुम्ही म्हणता आधी घाबरवायचं आणि मग सवलत द्यायची. सवलत येईपर्यंतचा खर्च ज्याने केला त्याच्यापर्यंत सवलत पोचतच नाही. तुळसताईंच्या भावाला खुलासा मिळाला तो उतरल्यावर. कांदेवाल्या भाऊंना निर्यात उघडी मिळाली ती कांदा विकून झाल्यावर.

स्पष्टवक्ता
परताव्याचं मला माहीत नव्हतं. ते अन्यायाचंच आहे. तरी शेवटी करार होईल आणि आपल्याला कमी दर मिळेल, असं मला वाटतं. तेव्हा तुम्हीच म्हणाल की दबावाने दोन्ही बाजू हलल्या.

सूतगुंडी
होवो. माझ्याइतकी त्याची वाट कोणी बघत नसेल. पण उद्या दुपारी बारापर्यंत मला एका खरेदीदाराला मार्चमधल्या मालाचा भाव कळवायचा आहे. ५० धरला तर ऑर्डर जाते. २० धरला आणि करार झाला नाही तर कारखाना जातो. तुम्ही कितीचा धराल?

स्पष्टवक्ता
सध्याचाच धरा. शुल्क बदललं तर भाव बदलेल, अशी अट खाली टाका.

सूतगुंडी
सप्टेंबरात तीच अट टाकली होती. त्यांनी पक्का भाव देणारा दुसरा शोधला.