मदत हवी आहे: वीज वाहणारा, पण पेट न घेणारा द्रव कोणता?

अंत्रुजकर: फोंड्यातील आमच्या विद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात नळीतील पारदर्शक द्रवातून वीज वाहते व दिवा लागतो, हे दाखवायचे आहे. द्रव ज्वालाग्राही नसावा, मुलांच्या हाताला अपायकारक नसावा. प्रदर्शन तोंडावर आले आहे; कृपया नाव तेवढे सांगावे.

मिठागर: मिठाचे पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. तेवढे मीठ पुरेसे आहे.

जुना वायरमन: वीज किती व्होल्टची, नळी उघडी की बंद, द्रवात बुडवायच्या पट्ट्या कशाच्या, हे कळल्याशिवाय कोणीही नाव सांगू नये. घरातील 230 व्होल्टला जोडल्यास कोणताच द्रव सुरक्षित नाही.

धातुप्रेमी: गॅलिअम, इंडिअम व कथील यांचा मिश्रधातू वापरून पाहा. नुसते गॅलिअमही 30 अंशांच्या आतच वितळते, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात ते द्रवच राहील.

मिठागर: ताईंना पारदर्शक द्रव हवा आहे. शिवाय गॅलिअम महाग असते आणि ॲल्युमिनिअम पोखरते.

अंत्रुजकर: 9 व्होल्टची बॅटरी, छोटा एलईडी, स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, नळीला दोन्हीकडे बूच. इतका तपशील कशासाठी हवा? इन्व्हर्टरसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर घरात आहे, ते चालेल का?

जुना वायरमन: नाही, त्यात आयन (वीज वाहून नेणारे भारित कण) जवळजवळ नसल्याने दिवा लागणार नाही. तपशील यासाठी हवा होता की, बॅटरीची वीज मिठाच्या पाण्यातून गेली की धनाग्राशी (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या पट्टीशी) क्लोरीन हा विषारी वायू आणि ऋणाग्राशी (ऋण टोकाच्या पट्टीशी) हायड्रोजन निघतो. द्रव पेटत नसला तरी हायड्रोजन पेटतो, आणि बूच लावलेल्या नळीत तो साठून दाब वाढतो. स्टेनलेस स्टीलच्या धनाग्रातून क्रोमिअमची विषारी संयुगे पाण्यात उतरू शकतात. म्हणून बूच काढावे, पट्ट्यांऐवजी पेन्सिलीतील शिसे (म्हणजे ग्राफाइट, शिसे हा धातू नव्हे) घ्यावे, आणि मिठाऐवजी खाण्याचा सोडा विरघळवावा, म्हणजे क्लोरीनचा प्रश्न उरणार नाही.

मिठागर: सोड्याचे पाणी मिठाच्या पाण्याइतकी वीज वाहत नाही. दिवा मंद लागला, तर मुलांना काय दिसणार?

जुना वायरमन: एलईडीला काही मिलिअँपिअर पुरतात. शिसे एकमेकांजवळ आणावीत, मात्र ती चुकून टेकली तरी एलईडी जळू नये म्हणून सुमारे 470 ओहमचा रेझिस्टर (वीजप्रवाह मर्यादित ठेवणारा रोधक) जोडावा. हायड्रोजन तेव्हाही निघेलच, त्यामुळे बटण दाबले तेवढाच वेळ वीज वाहील अशी सोय ठेवावी.

अंत्रुजकर: खाण्याचा रंग घातला तर चालेल का?

जुना वायरमन: चिमूटभर चालेल. बूच मात्र काढाच.